पिवळ्या भुशाचे दिवस

चैत्र लागला की आमच्या निर्मळमध्ये झाडं उतरवणारी माणसं दिसू लागतात. पूर्वी ती सायकलवरून यायची, खांद्यावर दोर आणि कमरेला कोयता. आता स्कूटरवरून येतात आणि पायांशी झाड कापायचं यंत्र आडवं ठेवतात, एवढाच फरक. वाळलेली, वाळवी लागलेली, घरावर कललेली झाडं पावसाआधी काढायची असतात. लग्नं, आंबे, मसाल्याची मिरची, सगळं त्याच दिवसांत एकदम येतं. एखाद्या वाडीतून घरघर ऐकू येते, थांबते, माणसांचा गलका होतो, आणि मग पायाखालची जमीन एकदा हलते. मी गच्चीवर सांडगे घालत असले तर हात तसाच राहतो.

कुठलं झाड पडलं ते मला जाऊन बघावं लागत नाही. रस्त्यावर सांडलेल्या भुशावरून कळतं. आंब्याचा भुसा मळकट असतो, चिंचेच्या गाभ्याचा तपकिरी, नारळाचा काथ्यासारखा तुसांचा. आणि फणसाचा पिवळा, नुकत्या दळून आणलेल्या हळदीसारखा. परवा सकाळी ओंडक्यांनी भरलेला एक टेम्पो आमच्या फाटकासमोर जरा वेळ थांबला आणि गेला. मागे पिवळा भुसा राहिला. मी झाडू घेऊन बाहेर गेले आणि झाडायचं सोडून तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. शेजारच्या सुनेने स्कूटर थांबवून विचारलं, "काकी, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही गं, कानातलं पडलंय." मग ती बिचारी स्कूटर लावून माझं कानातलं शोधायला लागली. दहा मिनिटं शोधलं तिने.

मनोहर गेल्यानंतरचा हा पहिला चैत्र. मनोहर म्हणजे माझे यजमान. पौषात गेले.

आमच्या वाडीच्या टोकाला रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. मनोहर तिला कारखाना म्हणायचे आणि मी शेड म्हणायचे, यावर आमचं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून भांडण. आता तिथे जाऊबाई मोगऱ्याच्या करंड्या ठेवतात. पहाटे फुलं खुडून येतात, ओल्या फडक्याखाली झाकतात आणि दादरला जातात. आत गेलं की मोगऱ्याचा वास येतो आणि मला त्याखालचा दुसरा वास यावा असं वाटत राहतं, रॉकेलचा, गरम लाकडाचा. येत नाही. अकरा वर्षांत पत्र्यांनीसुद्धा तो सोडून दिलाय.

तिथे आमचं बँडसॉ मशीन होतं. माणसाहून उंच, हिरव्या रंगाचं. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्ही चाकांभोवती दातेरी पोलादी पात्याचा एक अखंड पट्टा. मध्ये टेबल, टेबलाला फट, आणि त्या फटीतून पातं सारखं खाली जात असतं. हातकरवत पुढेमागे करते, दम खाते. हे पातं दम खात नाही, खालीच जात राहतं, आणि माल आपण त्याच्याकडे ढकलायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते चालू आहे हेच कळेना, इतकं पातं स्थिर दिसत होतं. मनोहरांनी लाकडाची एक पट्टी पुढे सरकवली, तिचे दोन तुकडे झाले, तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. मी विरारच्या ब्लॉकमध्ये वाढलेली, वडील रत्नागिरीहून नोकरीला आलेले. आमच्या घरात कापायचं म्हणजे विळी.

मशीन एकच होतं, पण माल बदलला की मनोहर सगळंच बदलायचे. ओंडक्यासाठी रुंद पातं, मोठे विरळ दात. गोलाई काढायची असेल तर बोटाएवढं अरुंद पातं, म्हणजे वळणावर अडकत नाही. ॲल्युमिनियमला बारीक दात, आणि पट्टा दुसऱ्या पुलीवर चढवून वेग कमी. पात्याला मेणबत्ती घासायची, नाहीतर ॲल्युमिनियम दातांत भरून बसतं. भुईगावची गिऱ्हाइकं चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आठवणीने आणून द्यायची. ॲक्रिलिकची वेगळीच तऱ्हा. घाई केली तर तडकायचं आणि रेंगाळलं तर वितळून पात्यामागे पुन्हा चिकटायचं. मटणवाल्यांचे नायलॉनचे ठोकळे यायचे, रबराचे तुकडे यायचे, गादीचा फोम यायचा. फोमला तर दातच नको, सुरीसारखं धारेचं पातं लावायचं. एकदा किल्ल्याकडचा एक कोळी बर्फात गोठलेली भली मोठी घोळ मासळी घेऊन आला. कापून द्या म्हणे, घरी कोयता चालत नाही. मनोहरांनी हात जोडले. तो गेल्यावर मी म्हटलं, "कापायची होतीत, अहो. निदान एक तुकडा तरी मिळाला असता." पुढचे चार दिवस ते मला घोळ म्हणून हाक मारत होते.

त्यांचा एक नियम होता, मालात कुठल्याही क्षणी निदान तीन दात असले पाहिजेत. पत्रा पातळ आणि दात मोठे असं झालं, तर एकच दात सगळा भार घेतो आणि मोडतो. हे सांगताना ते तीन बोटं वर करायचे. मला तो हात तसाच आठवतो.

लोखंड मात्र ते घ्यायचे नाहीत. मशीन लाकडाच्या वेगाचं, लोखंडाला ते फार जोरात पडतं. दारावर पाटीच होती, लोखंड कापले जाणार नाही. पण लोखंड दारातून यायचंच, लाकडात लपून.

आमच्या भागातल्या वाड्यांत एक रीत होती. फणसाला किंवा आंब्याला वर्षानुवर्षं फळ लागलं नाही की त्याच्या खोडात छातीच्या उंचीवर लोखंडी खिळा ठोकायचा. झाडाला धाक बसतो आणि ते धरतं, म्हणजे फळायला लागतं, असं म्हणायचे. हिंदू असो की ख्रिस्ती, ही रीत सगळ्यांची एकच. खिळा ठोकणारे आजोबा निघून जातात, झाड खिळा गिळून टाकतं, त्यावर साल चढते, वर्षं चढतात. मग कधीतरी ते झाड उतरवलं जातं आणि नातू ओंडका घेऊन आमच्या दारात येतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आत काय आहे. आमच्याकडे लोहचुंबक होता, मनोहर तो सालीवरून फिरवायचे, पण वीतभर आत गेलेला खिळा चुंबकाला लागत नाही. म्हणून ते मालकाला विचारायचे, "झाड धरायचं का?"

धरत असेल तर काळजी नाही. लागत्या झाडाला कोणी खिळा मारत नाही. "नाही हो, कधी लागलंच नाही" असं उत्तर आलं, की ओंडका उभा करायचा, छातीच्या उंचीचा भाग कुऱ्हाडीने थोडा थोडा तासायचा आणि लाकडात निळाकाळा डाग दिसतो का ते बघायचं. लोखंड लाकडात गंजलं की असा डाग पडतो. अर्धा दिवस त्यातच जायचा. गिऱ्हाइकं कंटाळायची. पण पंचवीस वर्षांत त्यांचं एकही पातं खिळ्यावर मोडलं नव्हतं, आणि याचा त्यांना फार तोरा होता.

अकरा वर्षांपूर्वीच्या माघात माझं तिसरं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. पहिली दोन त्याही आधी गेली होती, या वेळी मात्र आम्ही धीर धरून नाव बोलून ठेवलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, आता नको. मी घरी आले. घरात माणसं चांगली होती, कोणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच मला सोसेना. होळी झाली तसे मनोहर म्हणाले, "शुभा, तू कारखान्यात येऊन बस. काही करू नकोस, नुसती बस." मी म्हटलं, "शेड म्हणा." आणि गेले.

तो चैत्र माझ्या अंगात अजून आहे. पत्रा तापून टकटक वाजायचा. विहिरीवरची मोटर चालू झाली की वाडीत पाण्याचा वास पसरायचा. केळीचे घड बांधलेल्या सायकली रस्त्याने जायच्या. मी स्टुलावर बसायचे आणि भुसा येऊन माझ्या साडीवर, केसांत, पापण्यांवर बसायचा. मनोहर मधेच मशीन बंद करून फडक्याने माझे केस झटकायचे. काही दिवसांनी मी कामाला लागले. फणसाचा चीक पात्यावर बसला की रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा, हे काम माझं झालं. लांब माल निघाला की पलीकडून धरायचा, हेही.

आणि पात्याची घडी घालायला शिकले. बारा-तेरा फुटांचा पोलादी पट्टा, सगळे दात बाहेर, तो असाच खुंटीवर टांगता येत नाही. तळाशी पाऊल ठेवून वरून दोन्ही हातांनी धरायचं आणि मनगटं फिरवत खाली सोडायचं, म्हणजे तो आपसूक तीन वेटोळ्यांत बसतो. नवख्याच्या हातात तो उसळतो आणि तोंडावर येतो. मनोहर मागे उभे राहून माझी मनगटं धरायचे. "जोर नको लावूस. त्याला कळू दे कुठे जायचंय ते." दहा-बारा वेळा उसळलं, आणि एका दुपारी अलगद तीन वेटोळी पडली. मी ओरडलेच. माघानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मनोहर बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी हसते म्हणून रडणारा माणूस होता तो.

त्यानंतर आठवड्याभरातच कामणकडची एक म्हातारी आली. मुलाच्या टेम्पोत फणसाचा ओंडका, तिला त्याचे पाट करून हवे होते. मनोहरांनी नेहमीसारखं विचारलं, "आजी, झाड धरायचं का?"

"धरतंय कुठं?" म्हातारी टेम्पोतूनच बोलली. "वांझ व्हतं मेलं. दोन खिळे ठोकले आमच्या मालकांनी, पन एक फनस लागला नाय. पानी काय, खत काय, सगलं फुकट. वांझ ते वांझच."

तिच्या मनात काही नव्हतं. मला ती ओळखतही नव्हती. मी हातातला रॉकेलचा बोळा खाली ठेवला आणि शेडमागे केळीत जाऊन उभी राहिले. पान धरून उभी राहिले, ते फाटलं, मग दुसरं धरलं. आत मशीन बराच वेळ चालू झालं नाही. परत आले तेव्हा म्हातारी गेली होती आणि मनोहर खाली बघून ओंडका तासत होते. त्या दिवशी आम्ही त्या विषयावर बोललो नाही. पुढेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो प्रश्न विचारायचं सोडलं.

मला ते लगेच कळलं. आंब्याचा ओंडका घेऊन कोणी आलं, मनोहरांचं तोंड उघडलं, नजर माझ्याकडे आली आणि ते चुंबक आणायला वळले. नंतर आलेल्या चिंचेच्या वेळी तेच. आता ते चुंबक दोनदोनदा फिरवायचे, सालीवर तळहात ठेवून उभे राहायचे. मला समजत होतं. ते माझ्यासाठी होतं. आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं निर्मळ म्हणतं, नवऱ्याला उठताबसता टोमणे मारणारी मी. एक वाक्य बोलायचं होतं, "अहो, विचारा, मला काही होत नाही." एवढंसं वाक्य. दोनदा ओठांवर आलं आणि दोन्ही वेळा मी गिळलं. कारण मला काहीतरी होत होतं. तो प्रश्न पुन्हा ऐकायचा नव्हता मला.

वैशाखाच्या सुरुवातीला भुईगावचे इनास सर आले. शाळेत चित्रकला शिकवायचे, बोलणं मऊ. वडिलांच्या हातचा जुना फणस वाळला होता, त्याच्या लाकडातून घरात येशूची तसबीर ठेवतात त्या अल्तारासाठी फळ्या काढायच्या होत्या. ओंडका उतरवायला मनोहर बाहेर गेले. टेम्पोच्या मागे दोघं काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग ओंडका आत आला, चुंबक फिरला, आणि इनास सर "मुलीला शाळेतून आणायचंय" म्हणून घाईने गेले.

मनोहरांनी ओंडक्याखाली पाचरी लावल्या. मी पलीकडे उभी. पिवळा भुसा उडायला लागला. फणस कापताना मशीनचा आवाज भरदार येतो, एका सुरातला. पहिली फळी सुटली, ती मी धरली. लाकूड इतकं सुंदर होतं की मनोहरांनी मान हलवली. दुसऱ्या फळीच्या मध्यावर आवाज एकदम चढला, किंचाळला, आणि गोळी सुटावी तसं पातं तुटलं. ओंडका पाचरींवरून फिरला आणि ढकलणारा हात घेऊन तुटलेल्या पात्यात गेला. चाकं अजून फिरत होती. मी बटण दाबलं. मी काय काय केलं ते मला आठवत नाही, पण लोक सांगतात की मी पदर फाडून हात बांधला आणि रस्त्यावर उभी राहून एक रिक्षा अडवली.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

आठवडाभराने मी शेडमध्ये गेले. ओंडका तसाच होता. लाकडात निळाकाळा डाग होता, आणि त्याच्या मधोमध खिळ्याचं चमकतं कापलेलं तोंड. एवढ्या मोठ्या ओंडक्यात केवढीशी ती जागा. कुऱ्हाडीने तासलं असतं तर पहिल्या अर्ध्या तासात दिसली असती. मी तिथे खाली बसले, आणि जे वाक्य दोनदा गिळलं होतं ते मोठ्याने बोलले. शेडमध्ये कोणी नव्हतं.

पावसाआधी मशीन विकलं. घेणाऱ्या माणसाला पात्यांची घडी घालता येत नव्हती, मनोहरांना आता येणार नव्हती. मग सातही पाती मीच एकेक करून वेटोळी घालून दिली. मनोहर दारात उभे होते, हाताला बँडेज. म्हणाले, "छान घालतेस." मला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं. ओरडा माझ्यावर, म्हणावंसं वाटलं, तुझ्यामुळे झालं म्हणा. ते म्हणाले, "चल, चहा टाक."

मग ते कामणला एका गोदामात नोंदी ठेवायच्या कामाला लागले. डाव्या हाताने लिहायला शिकले, सहा महिन्यांत अक्षर माझ्यापेक्षा बरं झालं. गोदामात कोणी लाकडी खोकं उघडलं की ते जवळ जाऊन वास घ्यायचे, हे मला त्यांच्या सोबत्याने सांगितलं. घरी त्यांनी कधी कुरकुर केली नाही. रस्त्यावरून ओंडक्यांचा टेम्पो गेला की वर्तमानपत्र वर धरायचे, बस. दर चैत्रात मी ठरवायचे की या वर्षी बोलायचं, आणि दर चैत्र निघून जायचा. माझ्याएवढं बोलणारी बाई दहा वर्षं एका गोष्टीवर गप्प राहिली. भांडणं भरपूर केली. भाजीवरून केली, पंख्यावरून केली, शेड की कारखाना यावरूनही केली, शेडमध्ये फुलं आल्यावरसुद्धा. त्या एका गोष्टीवर नाही.

गेल्या वैशाखात बोलले. तेव्हा त्यांची तब्येत उतरणीला लागली होती, पण हिंडतेफिरते होते. दुपारची वेळ. ओटीवर हातांना तेल लावून मी फणस फोडत होते, ते समोर खुर्चीत. पिवळे गरे निघत होते आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "तुम्ही माझ्यामुळे विचारलं नाहीत. मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला विचारा म्हटलं नाही. तुमचा हात माझ्यामुळे गेला."

त्यांना कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही. क्षणभर माझ्या तेलकट हातांकडे बघितलं, आणि म्हणाले, "कोण म्हणतं? विचारलं होतं की."

"कधी?"

"टेम्पोपाशी, ओंडका उतरवताना. तू आत होतीस. इनास म्हणाला, भरपूर लागायचे, वाटून वाटून कंटाळा यायचा. त्याला तरी काय माहीत, कोणी कधी खिळा मारला ते."

 माझे तेलाचे हात तसेच हवेत.

"दहा वर्षं हे घेऊन बसली होतीस?" ते म्हणाले. "वेडी आहेस अगदी. दे, दोन गरे दे इकडे."

मी रडले, अशी रडले की जाऊबाई फुलं टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, विळी लागली. त्या दिवसापासून माझं अंगच हलकं झालं. मी झोपायला लागले. ओटीवर त्यांच्याशेजारी बसून त्या हाताला तेल लावायला लागले. त्याआधी तो हात मी कधी मोकळेपणाने हातात धरला नव्हता, नजर चुकवून धरायचे. आता बोटांच्या खुंटांवरून अंगठा फिरवत बसायचे आणि ते डोळे मिटून घ्यायचे. श्रावण, भाद्रपद, दिवाळी, सगळं आम्ही लग्न नुकतं झाल्यासारखं घालवलं. वैशाखापासून पौषापर्यंत. ते गेले तेव्हाही माझ्या दुःखात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. निव्वळ ते नाहीत, एवढंच होतं. तेवढं मी सोसत होते.

काल संध्याकाळी इनास सर आले. त्यांना बातमी उशिरा कळली होती. केस पांढरे झालेत, आता निवृत्त आहेत. खुर्चीच्या काठावर बसले, चहा समोर ठेवला तो उचलेनात. फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी दर ईस्टरच्या आधी पापकबुली करतो. ही एक गोष्ट फादरांना दरवेळी सांगतो. पण ती त्यांना सांगून भागत नाही. तुम्हाला सांगायला हवी."

मी म्हटलं, "सांगा."

"त्या झाडाला कधी एकही फणस लागला नाही. माझ्या वडिलांनी त्यात खिळा मारला तेव्हा मी शेजारी उभा होतो, सहा-सात वर्षांचा. मला माहीत होतं. मनोहरभाऊ सगळ्यांना विचारतात हे मी ऐकून होतो. म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू. टेम्पोपाशी ते माझ्या मुलीच्या शाळेचं बोलत होते, उन्हाचं बोलत होते. त्यांनी विचारलंच नाही, वहिनी. आणि मी घाईत होतो. न विचारता सांगायला काय झालं होतं मला?" ते रुमालात तोंड घालून रडायला लागले.

 बाहेर जाऊबाई पाणी शिंपडत होत्या, तेवढंच मला ऐकू येत होतं.

मला वाटलं असतं तर मी त्यांना तसंच पाठवू शकले असते. पण समोरच्या माणसाने माझ्याइतकीच वर्षं ते ओझं वागवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. माघातलं सांगितलं, कामणच्या म्हातारीचं सांगितलं, मनोहर का विचारायचे थांबले ते, आणि मी का बोलले नाही ते. म्हटलं, "सर, तुमच्याकडे काही नाही. ते माझ्यासाठी गप्प राहिले होते. यापुढे फादरांना हे सांगू नका."

 गार झालेला चहा त्यांनी सगळा प्यायला. निघताना पाया पडल्यासारखे वाकले आणि मी मागे सरले. फाटकापर्यंत गेले त्यांना सोडायला. परत आले, दार लावलं.

पंचवीस वर्षांत या माणसाने एकाही गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं. फळीला बारीक चीर असली तर स्वतः बोट ठेवून दाखवायचे. आणि त्या दुपारी माझ्या तेलकट हातांकडे बघत, एका श्वासात, किती नीट रचलं. टेम्पोपाशी. तू आत होतीस. वाटून वाटून कंटाळा. त्यावर मी किती महिने निवांत झोपले.

आज सकाळपासून मला त्यांच्याशी भांडायचं आहे. आजवर भांडले नाही असं भांडायचं आहे, जाऊबाई मधे पडतील असं. तुम्ही विचारलं नव्हतं, म्हणून त्यांची गचांडी धरायची आहे. आणि त्यांनी माझ्या तोंडावर, जराही न अडखळता, पुन्हा एकदा म्हणायला हवं आहे, "कोण म्हणतं? विचारलं होतं की."